परमुलखातल्या रेल्वेत सामान चोरीला गेले तर

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात इस्लापूर येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी धम्मावर बोलणारे अधिकारी वक्ते ह्या व्यासपीठावर आहेत. समितीने आमच्याकडे मात्र जरा वेगळे काम दिले. परदेशात रेल्वेने जाताना सामान चोरीला गेले तर माणसाने काय करावे, हे सांगा म्हणाले. विषय ऐकून मागच्या रांगेतले दोघेतिघे हसले, ते आम्ही पाहिले. हसू येणे साहजिक आहे. इस्लापूरच्या माणसाला परदेशची रेल्वे कुठे आडवी येते, असे वाटणारच.

पण जरा हिशेब करू या. रेल्वे आपल्याला नवी नाही. मुदखेड-आदिलाबाद लाईनीवर आपले स्टेशन आहे. ही लाईन मीटरगेज होती तेव्हापासून आपल्या बायामाणसांनी डोक्यावर बोचकी घेऊन ह्या गाडीने प्रवास केलेला आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जाताना डब्यात पाय ठेवायला जागा नसते, हेही सगळ्यांना ठाऊक. पूर्वी आपली धाव दीक्षाभूमी, चैत्यभूमीपर्यंत होती. मग बोधगया, सारनाथ, कुशीनगर झाले. तिथून सीमा ओलांडली की लुंबिनी, म्हणजे नेपाळ. आता लोक श्रीलंकेला जातात, थायलंडला जातात. आपली लेकरे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घेऊन परदेशी शिकायला जातात, तिथे तर रोजचा प्रवास रेल्वेचाच. तेव्हा हा विषय आता दारातला झाला आहे. आणि ज्याने दहा वर्षे पैसा पैसा जोडून यात्रेला पाऊल उचलले, त्याची पिशवी गेली म्हणजे काय जाते, हे श्रीमंताला कळायचे नाही.

सामान जाण्याची गोष्ट आजची नाही. चिनी भिक्खू ह्युएन त्संग आपल्या देशात आला तो सातव्या शतकात. आपल्याला परमुलूख म्हणजे श्रीलंका, त्याला परमुलूख म्हणजे हा आपला देश. तो महाराष्ट्रातही येऊन गेला, चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात. त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे. पंजाबच्या बाजूला पळसाच्या रानात पन्नासेक दरोडेखोरांनी त्याला आणि सोबत्यांना गाठले, अंगावरच्या कपड्यांसह सगळे लुटले. शेत नांगरणाऱ्या एका माणसाने शंख फुंकून गाव गोळा केले, तेव्हा सुटका झाली. गावकऱ्यांनी कपडे दिले, रात्रीचा आसरा दिला. बाकीचे सोबती रडत होते आणि हा हसत होता. का हसतोस म्हणून विचारले, तर म्हणाला की सगळ्यांत मोलाचा तो जीव, तो शाबूत आहे, मग कपडालत्त्याचे दुःख कशाला.

हा झाला पहिला धडा. दुसरा धडा त्याच्या परतीच्या वाटेवरचा आहे. सिंधू नदी ओलांडताना त्याची नाव हेलकावली आणि पन्नास ग्रंथ आणि जमवलेले फुलांचे बी पाण्यात गेले. तिथे मात्र तो नुसता हसून पुढे गेला नाही. जवळच्या विहारात मुक्काम केला, उद्यान नावाच्या प्रांतात माणसे पाठवली आणि जे ग्रंथ मिळण्यासारखे होते त्यांच्या नकला करून आणवल्या. मगच पुढे निघाला. इ. स. ६४५ मध्ये तो मायदेशी पोहोचला तेव्हा त्याच्याजवळ ६५७ ग्रंथ होते. जे गेले त्यासाठी रडायचे नाही, पण त्याची नक्कल कुठे मिळते ते शोधायचे, हे ह्यातून घ्यायचे.

तिसरा धडा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला आहे. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. बाबासाहेब लंडनहून रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेलिसला आले आणि तिथून 'कैसर-ए-हिंद' ह्या बोटीने निघाले. सामानसुमान आणि पुस्तके दुसऱ्या बोटीने पाठवलेली होती. ती बोट भूमध्य समुद्रात पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. ही चोरी नव्हती, पण परमुलखात सामान गमावण्याचे दुःख तेच. २१ ऑगस्ट १९१७ रोजी बाबासाहेब मुंबईला उतरले. पुढे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायचे तर गाडीभाड्याला पैसे नव्हते. तेव्हा थॉमस कुक कंपनीकडून बुडालेल्या सामानाची ६०० रुपये भरपाई मिळाली. त्यातले काही घरखर्चाला ठेवून बाबासाहेब बडोद्याला गेले. सामान रीतसर नोंदवून, कागद करून पाठवलेले होते म्हणून ती भरपाई हाती आली. सामान बुडाले तरी कागद तरला, आणि त्या कागदाने पुढची वाट चालवली.

जीव आधी, नक्कल दुसरी, कागद तिसरा. पुढे जे काही सांगणार आहोत ते ह्या तिन्हींचाच विस्तार आहे. एक चौथी गोष्ट आहे, ती आमच्या यात्रेत आम्ही पाहिली. ती आता सांगतो.

मागे आपल्या भागातला एकवीस जणांचा जथा श्रीलंकेला गेला होता, त्यात आम्ही होतो. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमानाने कोलंबो. अनुराधपूरला महाबोधी वृक्षाचे दर्शन घ्यायचे होते. संघमित्रेने बोधगयेहून नेलेल्या फांदीचा तो वृक्ष, त्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. मोटारीचा खर्च परवडेना, म्हणून कोलंबो फोर्ट स्टेशनावरून रेल्वेने निघालो. डबा भरलेला, वडे विकणारी पोरे ये-जा करत होती, वारा छान होता. मध्ये एका जंक्शनवर पुष्कळ माणसे उतरली, पुष्कळ चढली.

जथ्यात एक मावशी होत्या. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचलेल्या. बचत गटातून उचल घेऊन आलेल्या. त्यांची पिशवी त्या जंक्शनच्या धांदलीत गेली. पिशवीत पासपोर्ट, बदलून घेतलेले पैसे, बीपीच्या गोळ्या आणि बोधिवृक्षाला वाहायला गावच्या बायांनी दिलेले पांढरे कापड. मावशींच्या ते लगेच ध्यानात आले. पण त्या बोलल्या नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसल्या. तासभर गेल्यावर शेजारच्या बाईला त्यांचे डोळे दिसले, तेव्हा गोष्ट बाहेर आली. का बोलला नाहीत विचारले तर म्हणाल्या, "म्या सांगितलं असतं तर समद्यायची यात्रा नासली असती."

मित्रहो, चोराने पिशवी नेली, पण हा एक तास लाजेने नेला. त्या तासात गाडी कितीतरी पुढे गेली, चोराचा माग गेला, गोळीची वेळही टळली. ज्याचे चोरीला गेले त्यालाच लाज वाटावी, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. गरीब माणसाला वाटते की आपलेच चुकले, आता लोक आपल्यालाच बोलतील. म्हणून आमचे सांगणे आहे की जथा निघण्याआधीच सर्वांसमक्ष ठरवून टाका: कुणाचे काही गेले तर त्याने त्याच क्षणी मोठ्याने सांगायचे, आणि त्याला कुणी एक शब्द लावायचा नाही. 'पिशवी सांभाळता येत नाही का' हे वाक्य यात्रेत उच्चारायला बंदी.

पुढचा प्रसंग ह्याहून महत्त्वाचा. गोष्ट फुटल्यावर डब्यात गलका झाला. वडे विकणारा एक तेरा-चौदा वर्षांचा पोरगा थोड्या वेळापूर्वी त्या बाजूने गेला होता. कुणीतरी त्याच्याकडे बोट दाखवले. एका प्रवाशाने त्याचे मनगट धरले, दुसऱ्याने हात उगारला. तेव्हा आमच्यातले एक वडीलधारे उपासक उठून मध्ये उभे राहिले. सोबतच्या एका मुलीला इंग्रजी येत होते. तिला म्हणाले, "विचार ह्यांना, तुम्ही डोळ्यांनं पाहिलं का ह्यानं पिशवी उचलताना? नसंल पाहिलं तर हात सोडा म्हणावं." कुणीच पाहिले नव्हते. हात सुटला. पोरगा टोपली घेऊन पळाला, आणि बराच वेळ डब्यात कुणी बोलले नाही.

त्या वडीलधाऱ्यांना ते का सहन झाले नाही, हे ह्या सभेला समजावून सांगायची गरज नाही. गावात चोरी झाली की चोराचा माग काढायची जबाबदारी कुणावर टाकलेली होती? गावाची राखण करायची कुणी? आणि माग लागला नाही की पहिला संशय कुठल्या वस्तीवर यायचा? आपल्या आज्या-पणज्यांनी हे सगळे सोसले आहे. जो माणूस उगाच धरला गेलेल्यांच्या घरात जन्मला, त्याने परमुलखात दुसऱ्याच्या गरीब लेकराचे मनगट धरू नये. 'अदिन्नादाना वेरमणी' आपण रोज म्हणतो. न दिलेले घ्यायचे नाही, हे पंचशील. पुराव्यावाचून दुसऱ्याची अब्रू घेणे हेसुद्धा न दिलेले घेणेच आहे, असे आम्हाला वाटते.

पोलिसांना जे पाहिले तेवढेच सांगायचे. पिशवी शेवटची कधी पाहिली, कुठल्या स्टेशनानंतर दिसली नाही, शेजारी कोण बसले होते. अंदाज त्यांचे त्यांना बांधू द्यावे.

आता कामाच्या गोष्टी. चोरी झाल्यावर काय करायचे, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, माणसे मोजा. सामानाच्या मागे धावत चालत्या गाडीतून उतरू नका. परमुलखात पिशवी हरवली तर सोसते, माणूस हरवला तर जड जाते. ज्याचे गेले त्याला पाणी द्या, औषधाची वेळ विचारा, एक जण त्याच्याजवळ बसा.

दुसरी गोष्ट, गाडीतल्या गार्डाला किंवा तिकीट तपासनिसाला सांगा आणि लगेच वहीत लिहून काढा: गाडीचे नाव, डबा, आसन, तारीख, वेळ, कुठल्या दोन स्टेशनांच्या मध्ये गेले, पिशवीचा रंग, आत काय काय. माणूस घाबरला की तासाभरात अर्धे विसरतो.

तिसरी गोष्ट, मोठ्या स्टेशनावर उतरून पोलिसांत तक्रार द्या. श्रीलंकेत पोलिसांचा नंबर ११९, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५, युरोपातल्या बहुतेक देशांत ११२, जपानमध्ये ११०. श्रीलंकेत सिंहली, तमिळ आणि इंग्रजी चालते, तेव्हा जथ्यात एकाला तरी मोडके का होईना इंग्रजी यावे. तक्रार दिली एवढ्याने भागत नाही. तिची सही-शिक्क्याची नक्कल हातात घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. त्यात पासपोर्टचा नंबर लिहिला आहे का, नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, हे वाचून पाहा. पुढची सगळी कामे ह्या एका कागदावर आहेत. 'घरी गेल्यावर नांदेडला फिर्याद देऊ' असे म्हणून चालणार नाही. चोरी जिथे झाली तिथल्या पोलिसांचाच कागद वकिलातीला आणि विमा कंपनीला लागतो.

चौथी गोष्ट, बँक आणि फोन. बँकेला फोन करून कार्ड बंद करा. आपण कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ सालचा नियम आहे. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. फोनच गेला असेल तर बँकही गेली असे समजा, कारण ओटीपी त्याच सिमवर येतो. सोबत्याच्या फोनवरून घरी कळवा आणि घरच्या माणसाकडून सिम बंद करवा.

पाचवी गोष्ट, पासपोर्ट गेला असेल तर भारतीय वकिलात. श्रीलंकेत कोलंबोला आपले उच्चायुक्तालय आहे आणि कँडीला सहायक उच्चायुक्तालय. थायलंडमध्ये बँकॉकला राजदूतावास, चियांग माईला वाणिज्य दूतावास. नेपाळात काठमांडूला राजदूतावास, बीरगंजला वाणिज्य दूतावास. तिथे पोलीस तक्रारीची नक्कल, जुन्या पासपोर्टची झेरॉक्स, फोटो, अर्ज आणि फी द्यावी लागते. ओळख पटली की 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' मिळते. हा दाखला फक्त एकदा भारतात परतण्यासाठी असतो, त्यावर दुसरा देश फिरता येत नाही. नवा पासपोर्टही मागता येतो, पण त्याला वेळ लागू शकतो. परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' नावाचे पोर्टल २०१५ पासून आहे. गावाकडचा शिकलेला पोरगा घरबसल्या त्यावर तक्रार नोंदवू शकतो.

इथे पुष्कळांना माहीत नसते अशी एक अडचण सांगतो. आपण यात्रेला जातो ते बहुधा पौर्णिमा धरून. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, सार्वजनिक सुट्टी असते. वेसाक असो की पोसोन, सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद. तेव्हा पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पासपोर्ट गेला तर दोन-तीन दिवस हातावर हात धरून बसायची पाळी येते. म्हणून परतीचे तिकीट पौर्णिमेला अगदी चिकटून काढू नका, आणि वकिलातीचा तातडीचा फोन नंबर आधीच लिहून न्या.

सहावी गोष्ट, त्या देशाचे इमिग्रेशन खाते. जुन्या पासपोर्टवर आपण आल्याचा शिक्का होता, तो गेला. दाखला मिळाला तरी देश सोडताना 'तुम्ही आलात केव्हा' हा प्रश्न उरतोच. त्याची परवानगी कुठे घ्यायची, हे वकिलातीतच विचारून घ्या, विमानतळावर जाऊन विचारू नका. आणि हरवल्याची तक्रार दिल्यावर जुना पासपोर्ट सापडला तरी त्यावर प्रवास करू नका. तो रद्द झालेला असतो. भारतात आल्यावर पासपोर्ट सेवा केंद्रात रीतसर अर्ज करून नवा घ्यायचा.

आता निघण्यापूर्वीची तयारी. ह्युएन त्संगाला नकला करवून घ्यायला माणसे पाठवावी लागली. आपल्याला झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जावे लागते, एवढाच फरक. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, विमा ह्यांच्या तीन नकला काढा. एक आपल्या दुसऱ्या पिशवीत, एक जथ्याच्या म्होरक्याकडे, एक इथे विहारात. सोबत दोन-चार पासपोर्ट साईझ फोटो. नेपाळला जायला पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्र चालते, पण जे न्याल त्याचीही नक्कल ठेवा.

पैसे एका ठिकाणी ठेवू नका. आपल्या आया कनवटीला नाणे खोचायच्या, बापलोक बंडीच्या चोरखिशात नोट ठेवायचे. ती अक्कल आजही उपयोगी आहे. पासपोर्ट आणि मोठी रक्कम अंगावर, कपड्याच्या आत. दिवसापुरते पैसे वरच्या खिशात. कार्ड दोन असतील तर दोन ठिकाणी. २०२० पासून नवे कार्ड परदेशात आपोआप चालत नाही, ते सुरू करावे लागते. तेव्हा त्याची मर्यादाही कमी ठेवून घ्या आणि परत आल्यावर बंद करा. गोळ्या दोन पिशव्यांत वाटून ठेवा, डॉक्टरची चिठ्ठी सोबत असू द्या.

प्रवासाचा विमा काढा, पण पॉलिसी कुणाकडून तरी वाचून घ्या. सामानाचा विमा बहुतेक वेळा विमान कंपनीकडे सोपवलेल्या सामानाला असतो, रेल्वेत हातात असलेल्या पिशवीला असेलच असे नाही. पासपोर्ट हरवल्याचा खर्च मात्र पुष्कळ पॉलिसींत मिळतो. पोलिसांचा कागद आणि पावत्या लागतात, आणि कळवायची मुदत थोडी असते.

गाडीत बसल्यावर सामान आपल्या डोक्यावरच्या फळीवर ठेवण्यापेक्षा समोरच्या फळीवर ठेवावे, म्हणजे नजरेत राहते. रात्री साखळी-कुलूप लावावे. स्टेशन आले की धांदल होते आणि चोराला तीच वेळ हवी असते. कुणी अंगावर पाणी सांडले, खाली पैसे पाडले, रस्ता विचारला, की आधी पिशवीवर हात ठेवावा, मग उत्तर द्यावे. युरोपात शिकायला जाणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे की तिथे मोठे सामान डब्याच्या दाराजवळच्या मांडणीत ठेवतात, आणि दार बंद होता होता ते उचलले जाते. प्रत्येक स्टेशनाला उठून पाहायची सवय लावा. जथ्यात असाल तर जागायच्या पाळ्या लावा, जशा शेतात राखणीला लावतो तशा.

रेल्वे भरपाई देईल ह्या भरवशावर राहू नका. आपल्याकडेसुद्धा १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार बुक न केलेल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येण्यासाठी तिच्या माणसाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो. कमरेच्या पट्ट्यातले १ लाख रुपये चोरीला गेलेल्या एका प्रवाशाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०२३ साली न्यायालयाने सांगितले की प्रवाशाला आपल्या वस्तू सांभाळता आल्या नाहीत तर रेल्वेला जबाबदार धरता येत नाही. तरी आपल्या देशात चोरी झाल्यास १३९ वर फोन करा आणि रेल्वे पोलिसांत फिर्याद द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्याने फिर्याद लिहून घ्यायची, असे स्पष्ट म्हटले आहे. 'आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवले तर हा नियम सांगा.

आता मावशींचे पुढे काय झाले, हे विचारायला पुढच्या रांगेतल्या भगिनी थांबल्या आहेत. पिशवी सापडली नाही. अनुराधपूरला उतरल्यावर आधी दुकानातून गोळ्या आणल्या, मग पोलिसांत तक्रार लिहिली. संध्याकाळी मावशी सर्वांबरोबर बोधिवृक्षापाशी होत्या. दुसऱ्या एका बाईने आपल्याजवळचे पांढरे कापड मधोमध फाडून अर्धे त्यांच्या हातात दिले होते. जथ्याने वर्गणी केली, कुणी दिलेली रक्कम मोठ्याने मोजली नाही. दोघे जण मावशींसोबत कोलंबोला मागे फिरले, दाखला मिळवला, आणि जथा परतायच्या दिवशी सगळे एकवीस जण एकाच विमानात बसले. कोलंबोला तो दाखला मिळाला कारण पासपोर्टची झेरॉक्स जथ्याच्या फायलीत होती. ते सात-आठ रुपयांचे कागद त्या दिवशी पिशवीतल्या सगळ्या पैशांहून भारी ठरले.

म्हणून समितीला आमची नम्र सूचना आहे. विहारात एक यात्रा-फाईल आणि एक यात्रा-निधी सुरू करावा. जो कुणी परमुलखात निघेल, यात्रेला असो की शिक्षणाला, त्याच्या कागदांची नक्कल, घरचा फोन नंबर, औषधांची यादी त्या फायलीत लावावी. निधीत प्रत्येकाने जमेल ते टाकावे. शेतमजूर बाई दहा रुपये टाकील, मास्तर शंभर टाकतील. ज्याचे परमुलखात सर्वस्व जाईल, त्याला इस्लापूरहून त्याच दिवशी मदत निघाली पाहिजे. तरुण मंडळींनी फाईल सांभाळायचे काम अंगावर घ्यावे, फोनवरची कामे तुम्हालाच चांगली जमतात.

चोऱ्या कुठल्याही देशात होतात आणि भली माणसेही प्रत्येक देशात भेटतात, एवढे ध्यानात ठेवून निर्धास्त निघा. ज्या आयाबहिणी 'काही हरवलं तर काय' ह्या धास्तीने अजून घराबाहेर पडल्या नाहीत, त्यांना आमचे खास सांगणे आहे की नाव नोंदवा, झेरॉक्सचे पैसे समितीकडून घ्या आणि पुढच्या जथ्यात या.



नमो बुद्धाय! जयभीम!